नक्कल बिनचूक होती, म्हणूनच झोंबली

पत्र: भांडुपच्या एका मराठी शाळेत मी दहावीला गणित शिकवते. परवा मधल्या सुट्टीनंतर वर्गाच्या दाराशी पोहोचले, तर शेवटच्या बाकावरचा एक मुलगा फळ्यापुढे उभा राहून माझी नक्कल करत होता. पदर खोचणं, चष्मा कपाळावर चढवणं आणि दर वाक्याला ‘लक्षात आलं का?’ अख्खा वर्ग ‘होऽऽ बाई’ म्हणत खिदळत होता. त्रिकोणाच्या एका बाजूला समांतर रेषा उरलेल्या दोन बाजूंना एकाच प्रमाणात विभागते, हे प्रमाणाचं मूलभूत प्रमेय तेवढं मेल्याने बिनचूक म्हटलं. घटक चाचणीत २० पैकी ६ आहेत त्याला! मी त्याला दोन तास बाहेर उभं केलं. तेव्हापासून वर्ग चिडीचूप. पालकांना बोलावण्याची चिठ्ठी लिहून पर्समध्ये ठेवली आहे. माझं चुकलं का?

बाई,

राग येणारच. उकाड्यात, खडखडत्या पंख्याखाली दिवसभर घसा कोरडा करायचा आणि वर हे. पण दोन तास जरा जास्तच झाले, हे तुम्हालाही कळतंय. नाहीतर पत्र लिहिलं नसतंत.

त्याने तुमच्या रंगावर, चालण्यावर, घरच्यांवर काही केलं असतं तर मी वेगळं बोलले असते. त्याने तुमची शिकवण्याची लकब उचलली. शाळेत असताना आम्हीही एका सरांचे ‘म्हणजे’ वहीच्या मागच्या पानावर मोजायचो, एका तासाला चाळीसच्या पुढे जायचे. त्यासाठी कान देऊन ऐकावं लागतं हो!

मला खरी गंमत वाटली ती तुमच्याच एका ओळीची. प्रमेय बिनचूक आणि मार्क सहा. पोराला विधान तोंडपाठ आहे, गणितात ते कुठे लावायचं हे कळलेलं नाही. आणि ‘लक्षात आलं का?’ला ‘हो बाई’शिवाय दुसरं उत्तर कोण देणार? साठ पोरांसमोर ‘नाही’ म्हणायला छाती लागते. त्याची नक्कल तेवढंच दाखवून गेली, बहुधा त्याच्याही नकळत.

तेव्हा तो प्रश्न काही दिवस बंद ठेवा. त्याऐवजी फळ्यावर त्रिकोण काढा, पाया दहा. पायाला समांतर रेषा अशी, की एक बाजू वरून तीन आणि खाली दोन अशी कापली जाईल. समांतर रेषेची लांबी किती? मग तुम्हीच मुद्दाम चुका. तीनास दोन हे गुणोत्तर सरळ पायाला लावा आणि ठणठणीत अक्षरात लिहा, पंधरा. निम्मा वर्ग पेपरात हेच लिहितो, तुम्हाला मी सांगायला नको. ‘माझं काहीतरी चुकलंय, कुठे?’ एवढं विचारा आणि गप्प बसा.

हे गप्प बसणंच अवघड. मेरी बड रो नावाच्या अमेरिकन संशोधिकेने १९७०च्या दशकात वर्गांतली ध्वनिमुद्रणं तपासली, तेव्हा प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी जेमतेम सेकंदभर थांबतात असं दिसलं. तीन सेकंद थांबलं की मुलांची उत्तरं लांबतात आणि एरवी न बोलणारीही बोलू लागतात. तुमचा वर्ग सध्या रुसलेला, तेव्हा तुम्ही दहा थांबा. शेजारून फास्ट लोकल गेली तर ती जाईपर्यंत थांबा. कुणीतरी पुटपुटेलच, ‘बाई, पायाच दहाचा आहे, आतली रेषा पंधराची कशी?’ तिथून तीनास पाचपर्यंत (वरचा तुकडा तीन, अख्खी बाजू पाच) आणि सहा या उत्तरापर्यंत त्यांनाच जाऊ द्या.

त्या मुलाशी मात्र आधी बोला. स्टाफरूममध्ये बोलावू नका, तिथे इतर बायका कान टवकारून बसलेल्या असतात. जिन्यात गाठा. ‘दोन तास बाहेर ठेवलं, ते जास्त झालं’ एवढं वाक्य पुरे. भाषण नको आणि लगेच ‘पण तूसुद्धा’ तर नकोच. त्या दोन तासांत जे बुडलं, ते त्याला शाळा सुटल्यावर वीस मिनिटं बसवून शिकवा. नक्कल छान करतोस, हे सांगायचं की नाही ते तुमच्यावर सोडते. मी सांगितलं असतं.

आणि ती पर्समधली चिठ्ठी फाडून टाका.