एलडीएच वाढलं म्हणजे कॅन्सरच का?

प्रश्न: डॉक्टर, मुलगा २१ वर्षांचा, रोज तालमीत जातो. अंग दुखतंय म्हणून रक्त तपासलं तर एलडीएच वाढलेलं आलं. नेटवर बघितलं तर कॅन्सर! शेजारीण म्हणते गूळ-साखर बंद कर, गाठ उपाशी मरते. दोन रात्री डोळ्याला डोळा नाही. – एक आई, कोल्हापूर

उत्तर: ताई, आधी मन शांत करा. नुसत्या एलडीएचवरून कॅन्सर ठरत नाही.

हे एन्झाइम, म्हणजे पेशींतली रासायनिक कामं घडवून आणणारं प्रथिन, शरीराच्या जवळपास सगळ्या पेशींत असतं. पोरगं सलग बैठका मारतं तेव्हा मांडीला ताकद इतक्या झटक्यात लागते की ऑक्सिजनच्या वाटेनं भागत नाही, मग ग्लुकोज फोडून जे पायरुवेट होतं त्याचं एलडीएच लॅक्टेट करतं आणि ग्लुकोज फोडायचं काम पुढं चालू राहतं. ते लॅक्टेट वाया जात नाही, हृदय इंधन म्हणून वापरतं, लिव्हर त्याचं परत ग्लुकोज करतं. जोरदार मेहनतीनं स्नायूंतनं एलडीएच रक्तात येतं. तांबड्या पेशींतही ते भरपूर असतं, त्यामुळं रक्त काढताना त्या फुटल्या तरी रिपोर्ट वाढतो.

मग कॅन्सरचं नाव कुठनं आलं? १९२० च्या दशकात जर्मनीत ओटो वारबुर्ग या शास्त्रज्ञांना दिसलं की गाठीतल्या पेशी ऑक्सिजन असतानाही ग्लुकोजचं लॅक्टेट करतात. त्यांना वाटलं पेशींचा श्वासच, म्हणजे ऑक्सिजन वापरून ताकद काढणंच, बिघडलाय, पण बहुतेक गाठींत तो चालू असतो. भराभर वाढायला जो कच्चा माल लागतो तो त्यांना या वाटेनं मिळतो. म्हणून लिम्फोमा (लसिका ग्रंथींचा कॅन्सर), मेलानोमा (त्वचेचा एक कॅन्सर), वृषणाची गाठ यांत एलडीएच बघतात, पण निदान झाल्यावर, आजार किती पसरलाय ते कळायला.

आणि गूळ बंद करून गाठ उपाशी मरत नाही हो, तुम्ही नाही खाल्लं तरी लिव्हर ग्लुकोज बनवतंच. या सल्ल्यापायी पेशंट जेवण तोडून खंगतात, ते बघून जीव तुटतो.

मुलाला आठवडाभर तालीम बंद ठेवायला सांगा, मग एलडीएच परत करा, सोबत सीपीके (स्नायूंना इजा झालीय का ते सांगणारी टेस्ट), सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) आणि लिव्हरच्या टेस्ट. लघवी काळ्या चहासारखी झाली तर मात्र थांबू नका, त्याच दिवशी दवाखान्यात न्या, किडनीला धोका असतो. वजन उतरणं, रात्री घाम, रेंगाळणारा ताप, मानेत-काखेत गाठ यातलं काही असेल तर लगेच दाखवा. वृषणात कडक गाठ लागते का तेही विचारायला हवं, या वयात पोरं आईला सांगत नाहीत, तेव्हा ते त्याच्या वडिलांना विचारू दे.