आजोबांच्या ट्रंकेतला तारा

प्रश्न : नमस्कार सर, आमचे आजोबा मराठा पलटणीत होते, 'इटलीत लढले' एवढंच घरात माहिती. परवा माळ्यावरच्या ट्रंकेत सहा टोकांचा तारा सापडला, मधे मुकुट आणि गोलात इंग्रजीत 'द इटली स्टार'. गावात सगळे म्हणतायत शौर्यपदक आहे, शाळेच्या बोर्डावर तसं रंगवून घेऊ. खरंय का? आणि 26 जानेवारीला मी छातीला लावून गेलो तर चालेल का? (सातारा जिल्हा)

उत्तर : बोर्ड रंगवायच्या आधी विचारलंत ते बरं झालं, कारण हे शौर्यपदक नाही. हे मोहिमेचं मेडल, म्हणजे 11 जून 1943 ते 8 मे 1945 या काळात जो फौजी इटलीच्या लढाईत ड्युटीवर होता त्याला मिळालेलं, मग तो मशीनगनवर असो, ट्रकवर असो नाहीतर लांगरी, म्हणजे स्वयंपाकी असो. याच युद्धाच्या 1939-45 स्टार या दुसऱ्या मेडलला सहा महिन्यांची अट होती, इटली स्टारला आर्मीवाल्यांसाठी दिवसांची अटच नव्हती. शौर्यपदक वेगळं, ते एका माणसाच्या एका कृत्यासाठी. नाईक यशवंत घाडगे यांना 10 जुलै 1944 ला टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात दाखवलेल्या शौर्याबद्दल मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे ब्रिटिशांचं सर्वोच्च शौर्यपदक मिळाला, पुढच्या एप्रिलमध्ये सेनिओ नदीवर नामदेव जाधवांना, दोघेही मराठा पलटणीचेच. घाडग्यांच्या नावाने इटलीत मोंतोने गावात 2023 ला सनडायल (सूर्यघड्याळ) बसवलंय, जमलं तर फोटो शोधून बघा.

पण म्हणून तुमच्या आजोबांचा तारा हलका होत नाही हां, पावसात चिखलात डोंगर चढत गेलेल्या माणसाला मिळालाय तो. बोर्डावर 'इटली स्टार, दुसरं महायुद्ध' लिहा, पुरे.

आता लावायचं कसं. ज्याने मिळवलं तो डाव्या छातीवर लावतो, सगळ्यात मानाचं बटणांच्या बाजूला, मग उतरत्या क्रमाने बाहेर, शौर्यपदक असेल तर ते आधी आणि मोहिमेची नंतर. महायुद्धाच्या ताऱ्यांतही ठरलेला क्रम आहे : 1939-45, मग आफ्रिका, बर्मा, इटली. रोजच्या वर्दीवर धातू नाही, नुसती रिबनची पट्टी. तुमची डावी छाती मात्र तुमची, आजोबांची नाही. आपल्या आर्मीने 2019 मध्ये दिवंगत जवानांच्या निकटच्या वारसांना उजव्या छातीवर मेडल लावायची परवानगी दिली, तीही युद्धस्मारकावर श्रद्धांजलीच्या वगैरे कार्यक्रमाला. शाळेच्या झेंडावंदनाला मी म्हणेन फ्रेम करून आजोबांच्या फोटोशेजारी ठेवा, शोभून दिसेल.

रिबन कुजली असेल तर नवी लावताना रंग बघून घ्या : लाल, पांढरा, हिरवा, पांढरा, लाल, उभे पट्टे, इटलीच्या झेंड्याचेच रंग. आणि कृपा करून पितांबरी किंवा चिंच लावून घासू नका, अक्षरं झिजतात, कोरड्या फडक्याने पुसा. आजोबांचा आर्मी नंबर सापडला तर बेळगावला मराठा रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसला पत्र टाका, नाहीतर साताऱ्यातल्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात विचारा. आणि ट्रंक परत एकदा उपसा, एकटाच तारा क्वचित असतो, 28 दिवस नोकरी केलेल्यालाही वॉर मेडल मिळायचं.

प्रश्न : मामांकडे 'ऑप विजय मेडल' आहे, शेजारच्या काकांकडे 'ऑप विजय स्टार'. काका हसत म्हणतात, तुझा मामा कारगिलला आलाच नव्हता. मामा गप्प बसतात. (नगर)

उत्तर : काका म्हणतात ते खरं असेल, हसायचं कारण नाही. 'ऑप विजय' म्हणजे ऑपरेशन विजय, कारगिलची मोहीम. 1999 ला कारगिलच्या प्रत्यक्ष लढाईच्या भागात होते त्यांना स्टार, आणि त्याच वेळी इतर ठिकाणी मोर्चेबंदीवर पाठवलेल्यांना मेडल. सगळी फौज कारगिलला नेली असती तर पंजाब-राजस्थानची बॉर्डर कुणी बघायची? 1971 मध्येही असंच होतं, पूर्वेला लढलेल्यांना पूर्वी स्टार, पश्चिमेला पश्चिमी स्टार, आणि त्याशिवाय संग्राम मेडल. मामांना विचारा ते तेव्हा कुठे होते, आणि काका समोर असताना विचारा.