वरच्या माळ्यावरची धडधड आणि रबराची क्लिप

प्रश्न : नागपुरात मनीषनगरला आमचा फ्लॅट आहे. वरच्या घरचे पोट्टे रात्री अकरापर्यंत धावून राहिले असतात, खुर्च्या ओढणं वेगळंच, बेडरूममध्ये आडवं झालं की डोक्यावरूनच चालून राहिले असं वाटते. बोलून पाहिलं, चार दिवस शांत, मग पुन्हा तेच. आता नेटवर आयसोलेशन क्लिप नावाचा प्रकार पाहिला, छताला लावला की आवाज बंद म्हणतात. आमच्याकडे पीओपीचं फॉल सीलिंग आधीच आहे. त्यालाच खालून क्लिपा मारून बोर्ड ठोकला तर चालन का?

उत्तर : नाही चालणार भाऊ, आणि हे आधीच सांगतो कारण मिस्त्री नेमकं हेच सुचवणार, तोडफोड नको, दोन दिवसात काम. स्लॅब, मग हवा, मग पीओपी, मग पुन्हा थोडीशी हवा आणि मग बोर्ड असे तीन थर झाले की मधली पोकळी दोन लहान तुकड्यांत वाटली जाते, आणि लहान पोकळी जड घुमणारा आवाज अडवत नाही, कधीकधी वाढवतेच. शिवाय सगळं नवं वजन जुन्या पीओपीच्या सांगाड्यावर लटकणार, ते तर नकोच. जुनं सीलिंग काढा, स्लॅब उघडा करा, वर बाथरूम असेल तर ओल आहे का तेही तेव्हाच बघून घ्या, नंतर दिसणार नाही.

आता क्लिप नक्की काय करते ते. स्लॅब पाच-सहा इंच काँक्रीटचा असतो, बोलणं, टीव्ही वगैरे हवेतून येणारा आवाज तो एकटाच बऱ्यापैकी अडवतो. पण टाच आपटली की ती थेट स्लॅबलाच हलवते, आणि तुमचं सीलिंग लोखंडी पट्ट्यांनी त्याच स्लॅबला घट्ट बांधलेलं असल्यामुळे तेही हलते आणि आवाज खोलीत फेकते. क्लिपमध्ये धातूच्या दोन भागांच्या मध्ये रबर असतं. मिक्सरखाली जाड फडकं घातलं की ओटा थरथरायचा थांबतो, तेच काम. क्लिप स्लॅबला अँकर फास्टनरने बसते, तिच्यात टोपीसारख्या आकाराचं पातळ पत्र्याचं चॅनल अडकवतात आणि चॅनलला जिप्सम बोर्ड. म्हणजे स्लॅब ते बोर्ड या रस्त्यात रबर सोडून दुसरा कुठलाच सांधा राहिला नाही पाहिजे.

पण नुसती क्लिप म्हणजे अर्धं काम. बोर्ड साडेबारा मिलीचे दोन थर, सांधे एकावर एक न येऊ देता, आणि वरच्या पोकळीत रॉकवूल किंवा ग्लासवूल, म्हणजे दगडाच्या किंवा काचेच्या तंतूंची गादी. दोन थरांचं वजन चौरस मीटरला साधारण १७-१८ किलो होते. ऐकायला जास्त वाटते, पण घरातल्या स्लॅबचं डिझाइन करताना वापराचा भारच चौरस मीटरला २०० किलोच्या आसपास धरतात, त्यामुळे धडधाकट स्लॅबला याची भीती नाही. इमारत जुनी असेल, प्लास्टर सुटलं असेल, सळ्या दिसत असतील तर मात्र आधी इंजिनिअरला दाखवा. क्लिपा साधारणपणे चॅनलच्या लांबीत चार-चार फुटांवर आणि चॅनलच्या ओळी दोन-दोन फुटांवर बसवतात, म्हणजे एका क्लिपवर तेराएक किलो आले. कंपनीच्या तक्त्यात एका क्लिपला किती भार चालतो ते लिहिलेलं असते, ते बघूनच घ्या, आणि दुकानदाराने क्लिप म्हणून साधं ब्रॅकेट हातात दिलं तर परत करा, रबर डोळ्यांना दिसलंच पाहिजे.

पंख्याचं कोणी सांगत नाही, आणि नागपुरात पंख्याशिवाय झोपणार कोण! पंखा स्लॅबच्या हुकालाच लटकला पाहिजे. बोर्डाला भोक पाडून दांडी खाली आणायची, भोवती थोडी जागा सोडायची, आणि वरची वाटी बोर्डाला दाबून बसवायची नाही, नाहीतर पंख्याची घरघर बोर्डात आणि स्लॅबची धडधडही बोर्डात. दांडी लांब घ्यावी लागेल, सीलिंग अडीच-तीन इंच खाली येतेच.

बरं, एवढं करून काय मिळेल? खुर्च्यांचं खरखरणं, वरचं बोलणं, टीव्ही, हे जवळपास जातील. टाचांचा धप कमी होईल, संपणार नाही, कारण स्लॅब भिंतींवर आणि बीमवर टेकलेला असतो आणि तो धक्का भिंतींतूनही खाली उतरतो. दहा डेसिबल कमी झाले तरी कानाला निम्मं वाटते, तेवढ्यावर समाधान मानायची तयारी असेल तरच खर्च करा. खरा इलाज वरच्यांच्या फरशीवर आहे, जाड गालिचा, त्याखाली रबराची चटई, खुर्च्यांच्या पायांना फेल्टच्या टिकल्या. टिकल्यांचं पाकीट तुम्हीच आणा आणि दिवाळीच्या फराळाच्या ताटासोबत वर पाठवा, भांडणापेक्षा स्वस्त पडते. २००० सालच्या ध्वनी नियमांत रहिवासी भागाला रात्री दहा ते सकाळी सहा ४५ डेसिबलची मर्यादा आहे हे खरं, पण पोरं धावतात म्हणून तो कागद घेऊन ठाण्यात जाऊ नका बाप्पा.

प्रश्न : नंदनवनला आमचं रो हाऊस आहे, एक भिंत शेजाऱ्यांशी कॉमन. मुलगी तबला शिकते, रियाज संध्याकाळी, आणि शेजारच्या आजींना त्रास होतो. सुतार म्हणतो भिंतीवर एक इंचाची पट्टी मारू, आत फोम, वरून प्लाय. कोणी अंड्याचे ट्रे लावा म्हणते. क्लिपा लावाव्या का?

उत्तर : ताई, अंड्याचे ट्रे अंड्यांनाच राहू द्या. ट्रे आणि फोम खोलीतला घुमारा थोडा कमी करतात, मुलीला स्वतःचा तबला स्वच्छ ऐकू येईल, पण भिंतीपलीकडे आजींना फरक शून्य.

सुताराची एक इंची पट्टी तर तबल्यासाठी सगळ्यात वाईट. भिंत आणि तिच्यासमोरचा बोर्ड यांच्यातली हवा स्प्रिंगसारखी वागते आणि एका ठरावीक सुराला ती जोडी स्वतःच थरथरते. दोन थर बोर्ड आणि एक इंच हवा धरली तर तो आकडा ९० हर्ट्झच्या आसपास येतो, म्हणजे डग्ग्याचा घुमारा असतो त्याच पट्ट्यात. पोकळी चार इंच केली की तो ४५ वर उतरतो, डग्ग्याच्या खाली. चाटीची, म्हणजे तबल्याच्या काठाची, टणटण एक इंची पट्टी मारूनही थांबेल, डग्गा मात्र आणखी जोरात जाईल.

म्हणून तुमच्या भिंतीला मी क्लिपा सुचवत नाही. क्लिप आणि चॅनल मिळून पोकळी दीड-दोन इंचच होते. खोलीत जागा असेल तर भिंतीपासून सुटी पत्र्याची फ्रेम उभी करा, फक्त खाली फरशीला आणि वर छताला धरलेली, त्या दोन्ही ठिकाणी रबराची पट्टी, भिंतीला कुठेही स्पर्श नाही, आत रॉकवूल, वर दोन थर बोर्ड. सहा इंच जागा जाते पण काम जास्त चांगलं आणि क्लिपांचा खर्च वाचला. जागाच नसेल तेव्हा क्लिप. तबल्याखाली जाड गादीही घाला, फरशीतूनही आवाज पलीकडे जातो.

आणि उन्हाळ्यात त्या खोलीच्या खिडकीत कूलर बसतो का? बसत असेल तर भिंतीवर पैसे घालायच्या आधी विचार करा, कारण कूलर म्हणजे खिडकीएवढं उघडं भोक, शिवाय हवा बाहेर जायला दुसरी खिडकी पण उघडी लागते. खोली बंद करायची तर एसी लागेल, नाहीतर मे महिन्यात रियाज मागच्या खोलीत.

प्रश्न : बेसाला आमच्या घरी क्लिपांचं काम सुरू आहे. काम बरोबर झालं की नाही हे आपल्यासारख्याने कसं ओळखायचं?

उत्तर : सांधे भरायच्या आधी बोर्डाला तळहाताने दाबा, किंचित दबून परत आला पाहिजे. दगडासारखा लागला तर कुठेतरी टेकलाय. पहिल्या थराला २५ मिलीचे, दुसऱ्याला ३८ मिलीचे स्क्रू पुरतात. नंतर टीव्ही किंवा कपाट लावायला कोणी लांब स्क्रू बोर्डातून थेट विटेत घातला तर त्या ठिकाणी रबराला काही अर्थ उरला नाही. स्विचबोर्डाचे डबे मागून पुटीने बंद करून घ्या. सगळ्यात जास्त घोळ कडेला होतो, बोर्ड आणि भिंत यांच्यात पाच-सहा मिलीची फट सोडून ती न सुकणाऱ्या अकॉस्टिक सीलंटने भरायची असते, आणि पीओपीवाल्याला फट दिसली की त्याचा हात राहतच नाही, तो पीओपी भरून टाकतो आणि बोर्ड भिंतीला कायमचा जोडला जातो. त्या दिवशी साइटवर तुम्ही स्वतः थांबा, आणि कॉर्निस, म्हणजे छताच्या कडेची शोभेची पट्टी, लावायचीच असेल तर ती एकाच बाजूला चिकटवायला सांगा.