साहित्यिक एजंटचं धावपळीचं काम आणि घर, दोन्ही कसं सांभाळता?

तुम्ही लिहिलंय की एजन्सीत नुकतंच काम सुरू केलंय, घरी दोन वर्षांचं बाळ आहे, हस्तलिखितं साचत चालली आहेत आणि सासरचे म्हणतात, ‘दिवसभर वाचतच तर असतेस.’ एरवी मी वाचून पुढे गेले असते. या शेवटच्या वाक्यामुळे लिहायला बसले.

मी जुळे सोलापुरात राहते आणि दिल्लीच्या एका एजन्सीसाठी घरूनच मराठी, कन्नड आणि तेलुगू पुस्तकांच्या अनुवादहक्कांचं काम बघते. सोलापूरच्या माणसाच्या कानावर या तिन्ही भाषा लहानपणापासून असतात, त्याचा असा उपयोग झाला. एजंट म्हणजे लेखकाच्या वतीने प्रकाशकाशी बोलणी करणारी. पण मराठीत बहुतेक लेखक अजूनही थेट प्रकाशकाशीच बोलतात, त्यामुळे एजंट म्हटलं की आमच्या गल्लीत विम्याचंच विचारतात. असो.

आमचे मोठे भाऊजी टॉवेलचे कारखानदार, अक्कलकोट रोडला एमआयडीसीत. दर जानेवारीत फ्रँकफर्टला हाइमटेक्स्टिल नावाचं घरगुती कापडाचं मोठं प्रदर्शन भरतं, तिथे ते जातात. जानेवारीचा दुसरा आठवडा म्हणजे इथे गड्ड्याची यात्रा, आमच्या ग्रामदैवत सिद्धेश्वराची. 2023 साली प्रदर्शन 10 ते 13 जानेवारी होतं, आणि तिथून भाऊजी परस्पर गिऱ्हाइकांकडे गेले. अक्षतेला, म्हणजे यात्रेतल्या लग्नसोहळ्याला, अख्खं घर सिद्धेश्वराकडे, आणि दरवर्षी मिरवणुकीत नंदीध्वजाबरोबर चालणाऱ्या माणसाची बाराबंदी, यात्रेत घालायचा तो पांढरा पोशाख, इस्त्री करून कपाटात. कुणी चकार शब्द काढला नाही. निघताना जाऊबाईंनी हातावर दही घातलं होतं, सासूबाईंनी शेंगाचटणी आणि कडक भाकरी बांधून दिली होती. धंदा आहे म्हटलं की देवसुद्धा समजून घेतो.

त्याच वर्षी ऑक्टोबरात मी त्याच फ्रँकफर्टला, त्याच मैदानावर भरणाऱ्या पुस्तक मेळ्याला गेले. मेळा 18 ते 22, घटस्थापना 15 ला, दसरा 24 ला. सासूबाई आमच्याकडे असतात, म्हणून घटही आमच्याकडेच बसतात. माझ्या हातावर दही कुणी घातलं नाही. ‘घट बसवले आणि सूनबाई विमानात बसल्या’ हे जाऊबाईंनी कोजागरीपर्यंत सगळ्या भावकीत फिरवलं. भाऊजी म्हणाले, “पुस्तकं वाचायला जर्मनीला कशाला जायला पाहिजे?”

तिथे एक पान वाचायला सवड नसते. सकाळपासून अर्ध्या-अर्ध्या तासाच्या भेटी लावलेल्या असतात. एक भेट लांबली की पुढचा संपादक घड्याळ बघत बसतो. दोन भेटींच्या मध्ये एका हॉलमधून दुसऱ्या हॉलमध्ये जवळजवळ पळायचं, दुपारी उभ्यानेच काहीतरी खायचं, आणि रात्री खोलीवर येऊन कुणाला काय पाठवायचं कबूल केलं त्याची यादी करायची. समोरच्याने सोलापूरचं नावही ऐकलेलं नसतं, त्याला चार वाक्यांत इथली कादंबरी पटवायची असते. भाऊजीसुद्धा नमुन्याचे टॉवेल उलगडून हेच करतात. त्यांचा माल हाताला लागतो, मी वीसेक पानांचा इंग्रजी अनुवाद घेऊन जाते.

इकडे अखंड दिवा नवऱ्याने सांभाळला. रात्री गजर लावून उठायचा, तेल घालायचा, मुलाला शाळेत पाठवायचा. मी आल्यावर जो तो कौतुक करत होता. त्याचं. ‘किती करतो हो बिचारा!’ नवरा चांगलाच आहे, त्याबद्दल वाद नाही. पण जानेवारीत भाऊजी नसताना जाऊबाईंनी संक्रांतीचं वाण, यात्रेचे पाहुणे आणि चार-पाच दिवसांनी भलत्या वेळी येणारं नळाचं पाणी, सगळं एकटीने निभावलं. त्यांना कुणी बिचारी म्हटलं नव्हतं. दसऱ्याला सोनं देताना हे मी त्यांना तोंडावर बोलून दाखवलं. “ते वेगळं,” म्हणाल्या. काय वेगळं, ते अजून सांगितलेलं नाही.

तर तुमचा प्रश्न. वाचायचं ते सोफ्यावर बसून वाचू नका. टेबल, खुर्ची, हातात पेन्सिल. सोफ्यावर बसलेली बाई घरात सगळ्यांना रिकामी दिसते आणि दर दहा मिनिटांनी तिला कुणीतरी हाक मारतं. लेखकांना फोनची वेळ ठरवून द्या आणि रात्रीचे व्हॉट्सअ‍ॅप सकाळी उघडा. लेखकाची घालमेल रात्री अकराला सुरू होते, ती तुमच्या उत्तराने थांबत नाही, उलट दुसरा प्रश्न येतो. लंडनचं ऑफिस उघडतं तेव्हा आपल्याकडे दुपारचे दीड-अडीच वाजलेले असतात, न्यूयॉर्कचं उघडतं तेव्हा संध्याकाळ, म्हणजे नेमकी कुकर लावायची वेळ. ते फोन टळणार नाहीत, त्या वेळचा स्वयंपाक दुसऱ्या कुणावर तरी टाका.

करार मात्र सकाळी, डोकं ताजं असताना वाचा. जुन्या मराठी करारांत बऱ्याचदा मुदतच लिहिलेली नसते. तशा वेळी कायद्याने हक्क पाच वर्षांपुरतेच दिलेले धरतात, आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरते. झोपेच्या तारेत हे नजरेतून सुटलं तर लेखकाचं नुकसान होतं.

आणि घरच्यांना आकडा सांगा. मी फार उशिरापर्यंत संकोचाने सांगत नव्हते. लेखकाला मिळणाऱ्या पैशांतून आमचं कमिशन साधारण 15 टक्के, परदेशी आणि अनुवादहक्कांवर 20, आणि तेही पुस्तक विकलं गेलं तरच. तोवर सहा-सहा महिने वाचलेलं सगळं फुकट. ज्यांना यंत्रमागावर किती टॉवेल पडले ते रोज मोजायची सवय, त्यांना हे काम वाटत नाही यात नवल नाही. पण पैसे खात्यावर आले त्या दिवशी मी बँकेचा मेसेज जेवणाच्या टेबलावर सगळ्यांना दाखवला. भाऊजींनी पहिल्यांदाच विचारलं, “मग पुढच्या वर्षी कधी आहे तुमचं ते?”

एक सांगायचं राहिलं. माझा मुलगा आता मोठा आहे, स्वतःचं ताट वाढून घेतो. तुमचं बाळ दोन वर्षांचं, त्यामुळे टेबल-खुर्चीचा सल्ला तुम्हाला कितपत चालेल देव जाणे. नवराही उठून दिव्यात तेल घालणारा असावा लागतो. कराराचं काही अडलं तर खुशाल विचारा. तान्ह्या बाळाचं मला विचारू नका. आमच्याकडे ते सगळं सासूबाईंनी केलं, आणि त्या बाबतीत त्यांच्याशी माझं कधीच वाजलेलं नाही.