‘डिअर’ आणि ‘तीर्थरूप’

सप्टेंबरात इंग्लंडमधल्या लीड्सला आल्यावर ऑफिसच्या आणि मुलीच्या शाळेच्या ई-मेलची सुरुवात कशी करावी, असे तुम्ही विचारले आहे. व्हिसाची माहिती सरकारी संकेतस्थळावर नीट दिलेली असते, म्हणून तिच्याविषयी लिहीत नाही. हा प्रश्न मात्र दोन दिवस मनातून जाईना.

‘रिस्पेक्टेड सर’ लिहिण्याची सवय सोडून द्या. नाव ठाऊक नसेल तर ‘डिअर सर ऑर मॅडम’ आणि शेवटी ‘युअर्स फेथफुली’. नाव ठाऊक असेल तर ‘मिस्टर’ किंवा ‘मिझ’पुढे (‘मिझ’ म्हणजे Ms, लग्न झालेले असो वा नसो, कोणत्याही बाईसाठी) फक्त आडनाव आणि शेवटी ‘युअर्स सिन्सिअरली’, अशी ब्रिटनमधली जुनी रीत आहे. इस्पितळातल्या सर्जनला ‘डॉक्टर’ नव्हे, ‘मिस्टर’ किंवा ‘मिस’ लिहितात, कारण पूर्वी सर्जन विद्यापीठाच्या पदवीऐवजी उमेदवारी करून तयार होत. ऑफिसात वरिष्ठांनाही ‘हाय’ आणि पहिले नाव चालते. समोरच्याने मेलच्या शेवटी जे नाव लिहिले असेल, त्याच नावाने उत्तर द्यावे.

हे मला वेळेवर कोणी सांगितले असते तर बरे झाले असते. मुलगा आठ वर्षांचा असताना शाळेने त्याला वाचनात कच्च्या मुलांच्या गटात बसवले. घरी तो धडाधड वाचत असे, म्हणून मी मुख्याध्यापिकांना ‘रिस्पेक्टेड मॅडम, विथ ड्यू रिस्पेक्ट आय बेग टू स्टेट’ असे पानभर लिहिले. उत्तर दोन ओळींचे आले: ‘हाय’, माझे पहिले नाव, आणि फोन करण्याची विनंती. मला तो अपमान वाटला आणि मी फोन केला नाही. त्या बाई मोकळेपणाने बोलावत होत्या, हे कळेपर्यंत सत्र संपले होते आणि मुलाचे पूर्ण वर्ष त्याच गटात गेले. त्याला हे आता आठवतही नाही, पण मला अजून सलते.

आपल्याकडे मायन्यातच नाते कळते. मी आईला ‘ती. सौ. आईस शि. सा. न. वि. वि.’ लिहीत असे आणि तिचे उत्तर ‘चि.’ने सुरू होई. मुलाने गेल्या वर्षी तिला इंग्रजीत पत्र लिहिले. ‘डिअर’ म्हणजे काय, असे तिने फोनवर विचारले. मी ‘प्रिय’ असे सांगितले. तिला फार आनंद झाला, आणि वीज कंपनीच्या पत्रातही हाच शब्द असतो, हे मी तिला सांगितले नाही.