‘ताई, उद्या मिळेल ना?’ : छोट्या धंद्यातल्या वेळेचे प्रश्न

ब्लाउज शिवते. रात्री उशिरापर्यंत मशिन चालतं, तरी ‘कधी मिळेल’चे फोन थांबत नाहीत. आरी वर्क (हुकाच्या सुईने फ्रेमवर करायचं भरतकाम) शिकायचं आहे, पण वेळ कुठून काढू? काम कमी केलं तर पैसे कमी होतील. — एक वाचक, सातारा

दोन आठवडे प्रत्येक ब्लाउजवर पेन्सिलीने वेळ लिहा. कटिंग किती, मशिनवर किती, हुक-काजं-तुरपाईला किती, असं वेगवेगळं. अस्तराच्या साध्या ब्लाउजला सव्वादोन तास लागतात असं धरू. रोज सहा तास आणि आठवड्याचे सहा दिवस बसलात तर ३६ तास होतात. त्यातले पाचेक तास मापं घेणं, ट्रायल आणि दोरा-अस्तराचं मॅचिंग यात जातात. हे तास कुणी मोजत नाही आणि वायदे इथेच चुकतात. शिकायला तीन तास बाजूला काढले की उरतात २८, म्हणजे आठवड्याला बारा ब्लाउज. तुम्ही सध्या वीस घेत असाल, तर रात्रीचं जागरण तिथून येतं.

आता दराचं बघा. आकडे उदाहरणादाखल आहेत, तुमचे तुम्ही घाला. घरी महिन्याला २५,००० रुपये न्यायचे आहेत आणि भाडं, वीज, मशिनची देखभाल मिळून महिन्याला ५,००० जातात, म्हणजे वर्षाला ३,६०,००० हवेत. सहा आठवडे सुट्टी धरली तर कामाचे आठवडे ४६ आणि तास १,२८८. भागाकार केला की तासाला साधारण २८० रुपये येतात. अस्तराचा खर्च वेगळा ठेवून ४५० रुपये शिलाई घेत असाल तर तासाला २००च पडतात. गिऱ्हाईक भरपूर असूनही हातात पैसा का राहत नाही, ते इथे दिसतं.

तासाला २८० मिळायला एका ब्लाउजचे साधारण ६३० रुपये हवेत, पण लगेच तेवढे सांगितले तर गिऱ्हाईक बिथरेल. त्याआधी हातशिलाई बाहेर द्या. हुक, काजं, तुरपाई यांत चाळीस मिनिटं जातात आणि हे काम नगावर करणारं कुणी ना कुणी बहुतेक गल्लीत सापडतं. नगाला ६० रुपये दिले तर तुमचा वेळ ९५ मिनिटांवर येतो. मग दर फक्त ५०० केला तरी तासाला जवळजवळ २८० पडतात आणि त्याच २८ तासांत सतरा ब्लाउज बसतात. साडीला फॉल लावण्याचा हिशेबही असाच करून बघा. हाताने फॉल लावत बसणं बहुतेकींना परवडत नाही, फक्त सवयीने चालू असतं.

वायद्यासाठी डायरीत प्रत्येक वाराला एक पान करा आणि पानावर जेवढे ब्लाउज बसतात तेवढ्याच ओळी आखा. पान भरलं की तारीख पुढची. आठवड्यातल्या दोन ओळी कोऱ्या ठेवायच्या. त्या अर्जंट कामासाठी, दीडपट दराने. अर्जंट आलं नाही तर वीज गेलेल्या दिवसाची भरपाई तिथे होते. आरीचे तास त्याच डायरीत ऑर्डरसारखे लिहा, नाहीतर ते सगळ्यांत आधी कापले जातात.

आरीसाठी मात्र एका दिवशी तीन तास बसू नका. रोज अर्धा तास, सकाळी दुकान उघडण्याआधी बसा. हाताची सवय थोडं थोडं करूनच लागते आणि दिवसभर मशिनवर बसलेली मान रात्री फ्रेमवर वाकवणं बरं नाही. कापड फ्रेमवर ढोलकीसारखं ताणलेलं हवं. सैल असेल तर सुईचा हुक वर येताना कापडात अडकतो. सुईच्या दांडीवरचा स्क्रू आणि हुकाचं तोंड एकाच बाजूला ठेवा, म्हणजे हुक कुठे वळला ते न बघता कळतं. आधी साध्या रेशमी दोऱ्याची साखळी, मग जरीच्या दोऱ्याची, मणी त्यानंतर. गोल वळणावर साखळी एकसारखी येईपर्यंत पैशाची ऑर्डर घेऊ नका. गिऱ्हाइकाचा पीस फाटला तर भरपाई महाग पडते.

दिवाळीआधी आणि लग्नसराईत सुट्टी शक्यच नसते. मग सहा आठवडे घ्यायचे कधी? — शिवणकाम करणारे वाचक, मिरज

गिऱ्हाईक नसतं तेव्हा. लग्नाचे मुहूर्त संपले की आषाढात काम आपोआप उतरतं आणि मंगळागौर, गौरी-गणपतीची गडबड श्रावणात सुरू होते. मोठी सुट्टी त्या मधल्या दिवसांत घ्या. पितृपक्षात नवी खरेदी थांबते, पण नवरात्राचे ब्लाउज दाराशी असतात, तेव्हा तिथे चार-पाच दिवसांपेक्षा जास्त नको. दिवाळीच्या पंधरा दिवस आधी ‘ऑर्डर बंद’ची पाटी लावा आणि ती ओळखीपाळखीसाठीही काढू नका. एकीची घेतली की दुपारपर्यंत चार जणी येतात.

सुट्टीतल्या घरखर्चासाठी दर आठवड्याच्या निव्वळ कमाईतून शंभराला बारा रुपये बाजूला काढा. बँकेत बारा महिन्यांचं आरडी चालेल. पोस्टाचं आरडी पाच वर्षांचं असतं, या कामाला ते सोयीचं नाही.

पोळीभाजीचे ५० डबे रोज संध्याकाळी जातात. पोळ्यांच्या मावशी एक दिवस आल्या नाहीत की सगळं कोसळतं. मला हिशेबाचा कोर्स करायचा आहे, पण एक संध्याकाळही मोकळी नाही. — एक वाचक, डोंबिवली

आठवड्यातली एक संध्याकाळ बिनपोळीची करा. ५० डब्यांना तीन-तीन म्हणजे १५० पोळ्या, किलोला ३५ धरल्या तर सव्वाचार-साडेचार किलो कणीक. लाटणं-भाजणं वाचलं की मावशींना सुट्टी आणि तुम्हाला दीड-दोन तास मिळतात. बुधवारी मसालेभात-कढी ठेवा. डब्याला १२० ग्रॅमच्या हिशेबाने सहा किलो तांदूळ. भात पातेल्यातून थेट डब्यात भरला तर वाफ धरून गिचका होतो. परातीत पसरून दहा मिनिटांत भरा आणि लगेच पाठवा, बाहेर ताटकळत ठेवू नका. कढी वेगळ्या घट्ट झाकणाच्या डब्यात. चतुर्थी-एकादशी बुधवारी आली तर वार बदला.

रविवार बंद ठेवून महिन्याचे पैसे २६ डब्यांचेच घ्या. तीसचे घेऊन चार खाडे वजा करत बसलात तर दर महिन्याला वाद होतो. खाडा आदल्या रात्री नऊपर्यंत कळवला तरच धरायचा, हे पहिल्याच दिवशी लिहून द्या. मे महिन्यात आणि दिवाळीत गिऱ्हाइकं गावी जातात, तेव्हा चार डबे चालू ठेवण्यासाठी गॅस पेटवू नका. पोळ्यांसाठी दुसऱ्या एका बाईंना महिन्यातून दोनदा मुद्दाम बोलवा, त्या दिवसाचे पैसे देऊन. ओट्यावरची पद्धत ठाऊक नसलेली व्यक्ती अडचणीच्या वेळी उपयोगाची नसते.

अल्टरचे ब्लाउज इतके परत येतात की नव्या कामाचा वेळ त्यातच जातो. — एक वाचक, जळगाव

आधी परत आलेल्यांची कारणं लिहा. पहिल्या धुण्यानंतर आकसून परत येत असतील तर सुती अस्तर न भिजवता कापलं जातंय. अस्तर रात्री पाण्यात घालून, वाळवून, इस्त्री करूनच कापा. आठवड्याचं सगळं एकदम भिजवलं तर वेगळा वेळ जात नाही. मुंढ्यात (बाही जोडतात त्या घेरात) ओढत असेल तर अंगावरच्या मापापेक्षा गिऱ्हाइकाच्या नीट बसणाऱ्या ब्लाउजचं माप जास्त भरवशाचं. बाजूच्या शिवणीत दोन्हीकडे एक-एक इंच कापड सोडा, म्हणजे उसवणं दहा मिनिटांचं काम राहतं. वर्षाला चारपेक्षा जास्त ब्लाउज शिवणाऱ्या गिऱ्हाइकांचे खाकी कागदावर पॅटर्न कापून ठेवा आणि त्यावर तारीख टाका. वर्षभराने माप पुन्हा घ्यायचंच.