हुर्राक म्हणजे पाणी घातलेली फेणी का?

नाही. गोव्यात एप्रिल-मेमध्ये गेलेल्या अनेकांचा हा समज होतो, म्हणून सविस्तर सांगतो.

हुर्राक आणि फेणी या दोन्ही गोव्यातल्या दारू. दोन्हींची सुरुवात काजूच्या बोंडूपासून, म्हणजे बी लागते त्या रसाळ फळापासून होते. झाडावरून पिकून खाली पडलेलेच बोंडू गोळा करायचे, बी काढायची आणि बोंडू चिरडून रस काढायचा. चिरडलेल्या चोथ्यातून हळूहळू ठिबकणारा स्वच्छ रस म्हणजे नीरो. तो ताजा, न आंबवलेला पितात आणि फार गोड लागतो. बाकीचा रस साधारण तीन दिवस आपोआप आंबतो, त्यात बाहेरून यीस्ट घालत नाहीत.

हा आंबलेला रस भट्टीवर एकदा गाळला की हुर्राक मिळतो. त्यात अल्कोहोल साधारण १५ टक्के असते. तो टिकत नाही, म्हणून हंगामापुरताच मिळतो. हाच हुर्राक आंबलेल्या रसात मिसळून पुन्हा गाळला की फेणी होते, सुमारे ४२ टक्क्यांची. म्हणजे फरक पाण्याचा नाही, भट्टीच्या फेरीचा आहे. पूर्वी मधे ‘काजुलो’ नावाचा आणखी एक टप्पा असे. आता तो बहुतेक ठिकाणी वगळलाच जातो, याचं मला वाईट वाटतं.

नाव ‘फेण’ म्हणजे फेस यावरून आलं असं मानतात, कारण बाटली हलवली की वर फेस धरतो. काजूच्या फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. माडाची फेणी मात्र वेगळी. ती सुरेपासून, म्हणजे माडीपासून करतात.